गुणवंतांचा सत्कार पुरे, आता शोध घ्या

दहावीचा निकाल लागला की आठ-पंधरा दिवसांत उमरग्यात गुणवंतांच्या सत्काराची धांदल सुरू होते. चौकात फ्लेक्स लागतात. त्यावर नव्वद टक्क्यांच्या पुढच्या मुला-मुलींचे फोटो लहान आणि शुभेच्छुकांचे मोठे असतात. शाल, ट्रॉफी, एखादं भिंतीवरचं घड्याळ दिलं जातं. मग भाषणं होतात. शिक्षणाशिवाय तरणोपाय नाही, समाज मागे का राहिला याचा विचार करा, वगैरे वगैरे. मोहल्ल्यातल्या सत्कारात आणि गावातल्या इतर सत्कारात फरक एवढाच, की आपल्याकडे श्रीफळाच्या जागी गुलदस्ता असतो.

माझा आक्षेप मुलांच्या कौतुकाला नाही, कौतुकाच्या वेळेला आहे. दहावीला नव्वद टक्के मिळवणारं मूल आपल्या मदतीशिवाय तिथवर पोचलेलं असतं. कुणाची आई रात्री जागलेली असते, कुणाच्या वडिलांनी उसनवारी करून क्लास लावलेला असतो. आपण शेवटच्या दिवशी जातो, शाल पांघरतो आणि फोटो काढून घेतो. आणि ज्या मुलाची बुद्धी चौथीतच कुणाच्या तरी लक्षात यायला हवी होती, ते आठवीत शाळा सोडून हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात बसलेलं असतं. त्याचा फोटो कुठल्याच फ्लेक्सवर येत नाही. सत्कार तगलेल्यांचा होतो. गळालेल्यांची यादीसुद्धा कुणाकडे नसते.

माझं म्हणणं साधं आहे. उमरग्यात काय किंवा मराठवाड्यात कुठेही, बुद्धिमान मुलांची टंचाई नाही. टंचाई आहे ती त्यांना वेळेत शोधणाऱ्यांची. या दुष्काळाला पाऊस जबाबदार नाही, आपण आहोत. शाळा आहे, सरकार आहे, जमातही आहे आणि घरही आहे.

हुशार म्हणायचं कुणाला?

आपल्याकडे हुशार म्हणजे पहिला नंबर. अक्षर चांगलं, गृहपाठ पूर्ण, सरांच्या शब्दाबाहेर नाही. अशी मुलं गुणीच असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण असामान्य बुद्धीचं मूल पुष्कळदा याच्या उलट दिसतं. ते पाच मिनिटांत गणित सोडवतं आणि उरलेला अर्धा तास शेजाऱ्याची वही ओढतं. फळ्यावरची रीत सोडून आपल्या रीतीने उत्तर काढतं आणि गुण गमावतं. एकदा ‘का’ विचारलं तर सर हसतात, तिसऱ्यांदा विचारलं तर उद्धट म्हणतात. तोच धडा दहादा लिहायला लावला की वही कोरी ठेवतं. मग शाळेतून निरोप येतो, ‘पोरगं व्रात्य आहे, लक्ष नाही.’ घरी अब्बांचा हात उठतो.

त्यात भाषेची भर. उमरगा ही सरहद्द आहे. इथल्या एकाच वर्गात घरी दखनी बोलणारं मूल असतं, कन्नड बोलणारं असतं आणि तांड्यावरून गोरमाटी बोलत आलेलंही असतं. पुस्तकातली मराठी यांच्या कानावर नवीनच. पहिलं एक-दोन वर्ष ती गप्प बसतात, आणि गप्प बसणाऱ्याला आपण मठ्ठ समजतो. घरात एक, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा सांभाळणारं सात वर्षांचं मूल डोक्याने किती काम करत असतं, हे कुणी मोजतच नाही.

शिक्षकाच्या नजरेवर आणि एकाच चाचणीवर विसंबलं की काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने 1921 मध्ये कॅलिफोर्नियातल्या शाळांमधून असामान्य बुद्धीची मुलं निवडायला सुरुवात केली आणि पुढे आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. आधी शिक्षकांनी नावं सुचवायची, मग बुद्धिमापन चाचणी, अशी चाळणी होती. या चाचणीत गुण कमी पडले म्हणून जी मुलं बाहेर राहिली, त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, एकाला 1956 मध्ये आणि दुसऱ्याला 1968 मध्ये. निवडलेल्या मुलांपैकी एकालाही ते मिळालं नाही. जिथे मुद्दाम शोध चालला होता, तिथली ही गत. आपल्याकडे तर एका घटक चाचणीवर आणि वर्गशिक्षकाच्या मतावर मुलाचं भवितव्य ठरतं.

दारं आहेत, पण उंबरठा उंच आहे

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षा 1954-55 पासून चालू आहे. पूर्वी ती चौथी-सातवीला होती, 2016-17 मध्ये ती पाचवी-आठवीला नेली होती. 1986 च्या शिक्षण धोरणाबरोबर नवोदय विद्यालयं आली. आपल्या जिल्ह्याचं नवोदय तुळजापूरला आहे. तिथे सहावीला 80 जागा. जिल्ह्यात तालुके आठ, म्हणजे एका तालुक्याच्या वाट्याला सरासरी दहा. उमरगा तालुक्यातून दरवर्षी पाचवी पार करणारी मुलं काही हजार असतील, त्यातल्या दहांची सोय झाली. आठवीला आर्थिक दुर्बल घटकांसाठीची एनएमएमएस परीक्षा आहे. ती पास झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात.

दुसरीकडे दारं बंदही होत आहेत. 1963 पासून देशभरातली मुलं हेरणारी राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा 2021 नंतर थांबली. 2022 मध्ये केंद्र सरकारने अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद केली. कारण काय दिलं, तर शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच आहे. पहिली ते पाचवीला या शिष्यवृत्तीचे मिळत वर्षाला हजार रुपये. हजार रुपयांत कुणी शास्त्रज्ञ होत नाही, कबूल. पण त्या अर्जाला पन्नास टक्के गुणांची अट होती. निदान त्यासाठी तरी अब्बा वर्षातून एकदा शाळेची पायरी चढत आणि मुलाचे गुण विचारत. तेही गेलं.

आता या परीक्षांचं वेळापत्रक पाहा. एनएमएमएस सहसा डिसेंबरात, नवोदयची परीक्षा जानेवारीत आणि शिष्यवृत्तीची फेब्रुवारीत. याच महिन्यांत आपल्या जिल्ह्यातली ऊसतोड मजुरांची कुटुंबं कारखान्यांच्या फडावर असतात. दिवाळीनंतर गाव सोडायचं, उन्हाळ्यात परतायचं. त्या कोपीतल्या दहा वर्षांच्या मुलीला गणित कितीही येत असलं तरी परीक्षेच्या दिवशी ती उसाच्या मोळ्या बांधत असते. नियमात तिला कुणी वगळलेलं नाही. कॅलेंडरनेच वगळलं आहे.

आणि सगळ्यात मोठा अडथळा परीक्षेच्याही आधी येतो. तो म्हणजे अर्ज. या सगळ्या परीक्षांना कुणीतरी मुलाचं नाव घालावं लागतं. आधार, उत्पन्नाचा दाखला, फोटो, ऑनलाइन फॉर्म, मुदत. ज्या घरात शिकलेलं माणूस आहे तिथे हे होतं. बाकीच्यांसाठी एखाद्या सरांनी मनावर घ्यावं लागतं, आणि सर मनावर घेतात ते आधीच हुशार ठरलेल्या मुलांचं.

याला उपाय आहे आणि तो करून पाहिला गेला आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या ब्रॉवर्ड काउंटीत बुद्धिमान मुलांच्या वर्गासाठी शिक्षक किंवा पालकांनी नाव सुचवावं लागे. त्या वर्गांत गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं फार थोडी असत. 2005 मध्ये त्यांनी दुसरीतल्या झाडून सगळ्या मुलांची प्राथमिक चाचणी घ्यायला सुरुवात केली. ती चाचणी शब्दांची नव्हती, आकृत्यांची होती. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. निवडल्या जाणाऱ्या गरीब आणि अल्पसंख्याक मुलांची संख्या कितीतरी वाढली होती. मुलं तीच, शाळा त्याच. फक्त कुणीतरी नाव सुचवण्याची वाट पाहणं थांबलं होतं. पुढे मंदीत पैसे कमी पडले, तपासणी आवरती घेतली गेली आणि जुनी दरी पुन्हा उघडली.

कार्ड यांना 2021 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच बारीक अभ्यासांसाठी. पण यातला धडा समजायला नोबेल लागत नाही. अंगणवाडीत आपण प्रत्येक मुलाचं वजन करतो. कुपोषित मुलाच्या आईने अर्ज करावा म्हणून थांबत नाही. बुद्धीच्या बाबतीत मात्र अर्जाची वाट पाहतो.

हराळीकडे पाहून न पाहिल्यासारखं

अशा कामासाठी पुण्या-मुंबईकडे बोट दाखवायची गरज नाही. शेजारच्या लोहारा तालुक्यात हराळी आहे. डॉ. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी काढली ती बुद्धिमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी. पाचवीच्या प्रवेशाला बुद्धिमत्ता चाचण्या, प्रकल्प, पुस्तकाबाहेरचं शिक्षण ही तिची ओळख. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला, जवळपास दहा हजार माणसं गेली. तेव्हा मदतीला आलेल्या अनेक संस्था पंचनामे आणि पुनर्वसन आटोपून परत गेल्या. प्रबोधिनीची माणसं हराळीत राहिली आणि त्यांनी तिथे निवासी शाळा उभी केली.

त्यांच्या आणि माझ्या सांस्कृतिक धारणा वेगळ्या आहेत. तो वाद वेगळा आणि तो मी करतोही. पण बुद्धी शोधता येते आणि शोधल्यावर तिची जबाबदारी घ्यावी लागते, हे त्यांनी साठ वर्षांपूर्वी ओळखलं, हे नाकारण्यात शहाणपणा नाही. प्रश्न आपला आहे. तीस वर्षं हे काम आपल्या दारात चालू असताना मोहल्ल्यातल्या किती तरुणांनी, किती शिक्षकांनी, किती ट्रस्टींनी तिथे जाऊन विचारलं, की बाबांनो, मुलं ओळखता कशी, शिकवता कसं? आपल्याकडे शादीखान्यासाठी वर्गणी उभी राहते. चौथीतल्या मुलांच्या चाचणीसाठी वर्गणी मागितलेली मी ऐकलेली नाही.

पद्धत आपल्याच घरात आहे

यातला विरोधाभास असा, की बुद्धिमान मुलाला कसं शिकवावं हे आपल्या समाजाला पूर्वीपासून माहीत आहे. फक्त ते एकाच विषयापुरतं.

हिफ्जचा वर्ग आठवा. वीस मुलं बसलेली असतात, पण वीस जणांचा धडा एक नसतो. प्रत्येकाचा सबक वेगळा. कुणी दिवसाला चार ओळी घेतो, कुणी दोन पानं. सबक पक्का झाला की पुढचा लगेच, दुसऱ्यासाठी थांबायचं नाही. अलीकडचं सबकपाऱ्यात, जुनं आमुख्त्यात, उजळणीही ज्याची त्याची. उस्ताद प्रत्येकाचं स्वतः ऐकतात. स्मरणशक्तीचं मूल मकतबात दिसलं की उस्ताद घरी येऊन सांगतात, याला हिफ्जला घाला. घरही ऐकतं आणि मुलगा हाफिज झाला की अख्खा मोहल्ला मान देतो.

शोध, स्वतःच्या गतीने शिक्षण, एकेकट्याकडे लक्ष आणि समाजाचा आदर, या चारही गोष्टी इथे आहेत. शिक्षणशास्त्राची जाडजूड पुस्तकं बुद्धिमान मुलांसाठी हेच तर मागतात. मग हीच रीत गणिताला का नाही? विज्ञानाला का नाही? तो मुलगा तीस पारे डोक्यात ठेवू शकतो, तर बीजगणित त्याला जड जाईल असं आपण कशावरून ठरवलं? बीदरच्या शाहीन संस्थेने हिफ्ज पूर्ण केलेल्या मुलांना शालेय विषयांत आणण्याचा अभ्यासक्रम चालवला आणि त्यातली मुलं वैद्यकीय प्रवेशापर्यंत गेली. बीदर आपल्याला परदेश नाही. उमरग्याची सोयरीक तिकडे आहे, दवाखाना तिकडे आहे.

इमाम शाफईंच्या बालपणाची हकिकत आपण बयानात ऐकतो. वडील वारलेले, आईकडे उस्तादांना द्यायला काही नाही. उस्ताद उठून गेले की हा मुलगा बाकीच्या मुलांना शिकवी, आणि तीच त्याची फी ठरली. ही हकिकत आपण इमामांच्या बुद्धीचा गौरव म्हणून सांगतो. मला त्यात ते अनाम उस्तादही दिसतात. फी नसलेल्या मुलाला त्यांनी हाकलून दिलं नाही, त्याची बुद्धी ओळखली.

आपल्या काळातलं उदाहरण हवं तर अन्सार शेख आहेत. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे, वडील रिक्षाचालक. 2015 च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत 361 वा क्रमांक, वय 21. त्यांचे सत्कार गावोगाव झाले. पण त्यांनीच मुलाखतींत सांगितलेली गोष्ट आपण विसरतो. नातेवाइकांचं ऐकून वडील त्यांना शाळेतून काढायला गेले होते आणि शिक्षकांनी नकार दिला. सगळी वाटचाल त्या एका नकारावर उभी आहे. शेजारच्या बार्शीत 1916 मध्ये जन्मलेले शाहीर अमर शेख गाडीवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते. त्यांचा आवाज महाराष्ट्राने ऐकला हे आपलं नशीब. ज्यांना तसा शिक्षक किंवा तशी चळवळ भेटली नाही, त्यांचं काय झालं?

वर्गात आणि घरात

शिक्षक म्हणतील, अर्ध्या वर्गाला नीट वाचता येत नाही, त्यात हुशारांचे लाड कधी करायचे? वर सर्वेक्षणं, मतदार याद्या, रोजची ऑनलाइन माहिती. तक्रार खरी आहे. सरकारने ही कामं काढून घेतली पाहिजेत. पण हुशार मुलाला द्यायचं ते पैशांचं किंवा जादा तासांचं नाही. ज्याचं गणित आधी झालं त्याला आज आपण काय देतो? फळा पुसायला लावतो, मॉनिटर करून बोलणाऱ्यांची नावं लिहायला लावतो. त्याऐवजी एक अवघड गणित द्या. त्यालाच पाच नवी गणितं रचायला सांगा. तिसरीतल्या मुलीला पाचवीचं गणित येत असेल, तर तेवढ्या तासाला तिला पाचवीत बसू द्या. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळांत चार वर्ग दोन खोल्यांत बसतात. एरवी ही अडचणच, पण वरच्या वर्गाचं शिकायला इथे फक्त मान वळवावी लागते. शिक्षकाने ‘तुझं पुस्तक बघ’ म्हणून ती मान परत फिरवली नाही तरी पुष्कळ झालं.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी स्वतंत्र परिच्छेद आहेत. शिक्षकांनी त्यांना पूरक साहित्य द्यावं, बी.एड.मध्ये या विषयाच्या विशेष अभ्यासाची सोय असावी असं त्यात म्हटलं आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. या आकांक्षेत तांड्यावरच्या आणि मोहल्ल्यातल्या मुलाची आकांक्षा बसते का, हे जिल्हा परिषदेला विचारायला हवं.

काही जण म्हणतील, हुशार मुलं लातूरला जातातच की. लातूर पॅटर्नबद्दल आदर ठेवून सांगतो, ती निवड दहावीनंतरची आहे आणि त्यात फी, खोलीभाडं, मेस यांचा हिशेब आधी जमावा लागतो. तिथे पोचलेली मुलं वाचलेलीच होती. गळती त्याआधी सहा वर्षं चालू असते.

आता घर. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ‘चूप बैठ’ म्हणणं थांबवा. उत्तर माहीत नसेल तर ‘चल, सरांना विचारू’ म्हणा, त्यात बापाची इज्जत कमी होत नाही. घरात दखनी बोलता याची लाज नको. गोष्टी, कोडी, हिशेब त्याच भाषेत करा, बुद्धी भाषेचा दाखला मागत नाही. दुकानावर बसवलंत तर खातं लिहू द्या, पण शाळेच्या वेळेत बसवू नका. आणि पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला लावून त्याचा खेळ करू नका. हुशार मुलालाही नापास होण्याचा, खेळण्याचा आणि कंटाळण्याचा हक्क आहे.

मुलींबद्दल वेगळं बोलावं लागतं, हेच दुर्दैव. हुशार मुलीचा घरात उपयोग काय, तर धाकट्यांचा अभ्यास घेणं. खेड्यातल्या मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास सरकार अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट देतं. बस दारात येते, पास फुकट असतो, परवानगी तेवढी मिळत नाही. त्या परवानगीचा अर्ज कुठल्या कचेरीत मिळत नाही. तो आपल्यालाच मंजूर करायचा आहे.

मागणी

म्हणून यंदा सत्कार समित्यांना माझी जाहीर विनंती आहे. शाली आणि ट्रॉफ्या एक वर्ष राहू द्या. तो पैसा आणि ती माणसं तिसरी-चौथीच्या वर्गांकडे वळवा. मराठी असो की उर्दू, गावातली असो की तांड्यावरची, प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक मुलाची आकृत्यांची चाचणी घ्या, तीही पावसाळ्यात, ऊसतोडीला कुटुंबं बाहेर पडण्याआधी. चाचण्या कशा घ्यायच्या हे ज्यांना येतं त्यांच्याकडून शिकून घ्या. एकाच चाचणीवर थांबू नका. उस्तादांना विचारा, अंगणवाडीच्या ताईंना विचारा, आईला विचारा. पुढच्या तीन परीक्षांचे अर्ज मशिदीच्या, देवळाच्या किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर बसून भरून द्या, कुणी मागायला यायच्या आत. आणि जिल्हा परिषदेकडे लेखी मागा, की हे काम पुढच्या वर्षी तिने करावं, कारण मुळात ते तिचंच आहे.

सहा वर्षांनी यातली मुलं दहावी होतील. तेव्हा सत्कार जरूर करा. फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे फोटो हवे तेवढे मोठे लावा. त्या वेळी ते लावायचा हक्क आपल्याला असेल.